सत्तावन सालची मुंबई : भीतीच्या छायेंतील पांच महिने

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या स्मरणिकेंत सामान्यतः देवळाच्या पायाभरणीची हकीकत, वेळोवेळीं होऊन गेलेल्या व्हिकारांची नामावळी आणि घंटा व वेदी ह्यांच्या देणगीदारांचे आभार छापिले जातात. आणि तें योग्यच आहे. परंतु देऊळ वस्तीच्या मधोमध उभें असतें, व वस्तीवर जें संकट येतें तें देवळाच्या पायरीशीं थांबत नाहीं. म्हणून स्मरणिकेच्या चालकांनीं जेव्हां मजकडे जुन्या मुंबईविषयीं एक ऐतिहासिक निबंध मागितला, तेव्हां जें घडलें त्यापेक्षां जें घडतें कीं काय अशा धास्तीनें लोक जगले, त्याचीच हकीकत लिहावी असें मनांत आलें. लढायांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. वाट पाहण्याचा इतिहास फार थोडे लिहितात. सन १८५७ च्या मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबराच्या मध्यापर्यंत मुंबई शहर असेंच वाट पाहत होतें.

त्या सालच्या उठावणीस कोणी शिपायांचें बंड म्हणतात, कोणी स्वातंत्र्यसमर म्हणतात. तो वाद येथें सोडवावयाचा नाहीं. वाचकांनीं इतकेंच ध्यानांत घ्यावें कीं, १० मे रोजीं मीरत येथें शिपाई उठले, दुसऱ्या दिवशीं दिल्ली त्यांच्या हातीं गेली, आणि ही बातमी तारायंत्रानें मुंबईस येऊन पोंचली. तारायंत्र मुंबईस येऊन फार वर्षें झालीं नव्हतीं. पूर्वीं अशी वार्ता डाकवाल्याच्या पायानें येई, व येतां येतां थोडी जुनी होई. आतां ती ताजी व जळती येऊं लागली.

आजच्या वाचकास त्या वेळची मुंबई ओळखूं येणार नाहीं. कोटाच्या भिंती अद्याप उभ्या होत्या. त्या पाडण्याचें काम १८६२ नंतर झालें. अपोलो दरवाजा, चर्चगेट व बाजारगेट हे कोटाचे तीन दरवाजे रात्रीं बंद होत, व भोंवतीं पाण्याचा खंदक होता. कोटाबाहेर एस्प्लनेडचें विस्तीर्ण मैदान मोकळें राखिलें होतें, कारण तोफांस समोर अडथळा नसावा. आपल्या लोकांचें एस्प्लनेडवरील जुनें देऊळ अठराव्या शतकांत ह्याच कारणास्तव पाडलें जाऊन कावेलांत नवें बांधावें लागलें होतें. मैदानापलीकडे धोबी तलाव, कावेल, गिरगांव, भुलेश्वर, डोंगरी, मांडवी अशी दाट वस्ती. सन १८४९ च्या गणतींत शहराची लोकसंख्या ५,६६,११९ भरली होती. विहारचें पाणी अद्याप आलें नव्हतें, लोक विहिरी व तलाव ह्यांवर अवलंबून असत. रस्त्यांवर गॅसचे दिवे नव्हते, तेलाचे होते व तेही विरळ. आगगाडी मात्र १८५३ पासून सुरू झाली होती, व ती घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीपर्यंत जात असे.

ह्या शहरांत देशी शिपायांच्या तीन पलटणी होत्या : दहावी, अकरावी व मरीन बटॅलियन. आजच्या मरीन लाइन्स स्टेशनास जें नांव आहे तें ह्या शेवटच्या पलटणीच्या वसाहतीवरूनच राहिलें आहे. त्यांच्यासमोर गोरे शिपाई सुमारें ४०० च होते, कारण गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन ह्यांनीं इराणच्या मोहिमेंतून परतलेलें सैन्य व हाताशीं असलेलें बळ उत्तरेकडे व मध्य हिंदुस्थानांत धाडून दिलें होतें. म्हणजे दुसऱ्याचें घर वांचविण्यासाठीं त्यांनीं आपलें दार उघडें ठेविलें. हें शहाणपण होतें असें पुढें सर्वांनीं म्हटलें. परंतु त्या पावसाळ्यांत, रात्रीं अंथरुणावर पडून घोड्याच्या टापा ऐकणाऱ्यास तें तसें वाटलें असेल काय?

मुंबईकरांस दंग्याची ओळख नव्हती असें नाहीं. सन १८३२ च्या जून महिन्यांत मोकाट कुत्रे मारण्याच्या सरकारी हुकुमावरून कोटांत मोठी गडबड झाली होती. सन १८५१ च्या ऑक्टोबरांत एका गुजराथी पत्रांत छापलेल्या चित्रावरून मुसलमान व पारशी ह्यांच्यांत दंगा उसळला होता. आणि दुसऱ्यांच्या घरचीं भांडणें सांगतांना आपलें झांकून ठेवणें बरें नव्हे : सन १८५३ च्या मार्च महिन्यांत, पाद्रोआदो व प्रोपागांदा ह्या दोन अधिकारांच्या तंट्यांत, माहीम येथील संत मायकलच्या देवळांत बिशप हार्टमन हे आपल्या अनुयायांसह कोंडून घेऊन राहिले होते, बाहेर आपलेच लोक त्यांना वेढा देऊन बसले होते, आणि शेवटीं सरकारी अधिकाऱ्यांस मध्यें पडावें लागलें. एका वेदीसमोर गुडघे टेकणारे लोक एकमेकांचें अन्नपाणी तोडूं शकतात, हें आपण चार वर्षांपूर्वींच जगास दाखविलें होतें. तेव्हां सत्तावन सालीं शेजाऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार कोणत्याच समाजास नव्हता.

आतां ह्या महिन्यांत लोक काय करीत होते? ह्याचें उत्तर साधें आहे : रोजचें काम. भंडारी माडांवर चढत होते. पावसाळ्यामुळें कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. विहार येथें तलावाच्या बांधाचें काम चाललें होतें. आगगाडी सुटत होती. सर्वांत नवल वाटावें अशी गोष्ट म्हणजे १८ जुलै १८५७ रोजीं, जेव्हां दिल्लीला वेढा पडला होता व कानपूरच्या भयंकर वार्ता येत होत्या, तेव्हां मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेचा कायदा झाला. एकीकडे सरकार तोफा मोजीत होतें व दुसरीकडे परीक्षांचे नियम ठरवीत होतें. मला ह्यांत विसंगति दिसत नाहीं. भीतीच्या काळीं माणूस जें पुढील वर्षासाठीं पेरतो, त्यावरून त्याचा खरा विश्वास ओळखावा.

परंतु एक गोष्ट हळूहळू बदलली, ती म्हणजे बोलणें. त्याच सालच्या जानेवारीपासून मे अखेरपर्यंत विष्णुबावा ब्रह्मचारी ह्यांचे प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांशीं समुद्रकिनारीं उघड धर्मवाद चालले होते. हिंदु, ख्रिस्ती व इतर मंडळी वाळूंत उभी राहून ते ऐकत असे, आणि ते इंग्रजींत छापूनही निघाले. आपापल्या श्रद्धेविषयीं माणसें मोकळ्या हवेंत, मोठ्यानें, परस्परांच्या तोंडावर बोलत होतीं. पुढें थोड्याच आठवड्यांत त्याच शहरांत दोन माणसांनीं कोपऱ्यांत कुजबुजणेंही धोक्याचें झालें. जूनमध्यें कलकत्त्याच्या सरकारनें छापखान्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. वर्तमानपत्रांतून जें कमी झालें तें बाजारांत अफवा होऊन वाढलें. कारण लोकांस बातमी पाहिजेच असते, खरी न मिळाल्यास ते खोटी घेतात.

मे महिन्यांत भडोच येथें पारशी व मुसलमान ह्यांच्यांत दंगा होऊन रक्त सांडलें होतें. ३१ जुलैच्या रात्रीं कोल्हापुरास सत्ताविसावी पलटण उठली, आणि तोंवर जें दूर उत्तरेंत होतें तें एकदम मराठी मुलखांत आलें. मुंबईच्या गोऱ्या वस्तींत घबराट पसरली. संशयाचा हात मोठमोठ्यांपर्यंत पोंचला. जगन्नाथ शंकरशेठ, ज्यांनीं शाळा काढल्या, आगगाडीस साह्य केलें व ज्यांच्याइतका सर्व जातींत मान दुसऱ्या कोणाला क्वचितच होता, त्यांच्यावरही बंडवाल्यांशीं संधान बांधल्याचा आळ आला. चौकशी होऊन तो निराधार ठरला. परंतु जेथें नाना शंकरशेठांसही आपली सचोटी सिद्ध करावी लागते, तेथें गरीब माणसानें काय करावें?

ह्या सर्व गोष्टींच्या मध्यभागीं एक मनुष्य होता : पोलिसांचा मुख्य अधिकारी चार्ल्स फोर्जेट. तो हिंदुस्थानांतच जन्मलेला, मिश्र रक्ताचा होता. दक्षिण महाराष्ट्राकडे नोकरी केलेली असल्यामुळें देशी भाषा त्यास घरच्यासारख्या येत. वेष पालटून तो रात्रीं बाजारांतून व खाणावळींतून हिंडे, आणि बंडाच्या बातम्यांनीं जो उघड आनंद करील त्यास तेथल्या तेथें, वेष फेकून देऊन, पकडी. पोलीस कचेरीच्या अंगणांत त्यानें फांसाचा खांब उभा केला, ज्यांच्यावर वहीम होता अशा मंडळीस बोलावून आणिलें व तो खांब त्यांना दाखविला. सुमारें ५० गोरे घोडेस्वार त्यानें पोलिसांत तयार केले. त्याच्या धैर्याविषयीं शंका घेतां येत नाहीं. परंतु ज्या शहरांत शेजारी बसलेला माणूस खरोखर कोण आहे हें सांगतां येत नाहीं, त्या शहरांतील लोकांच्या मनाची काय स्थिति होत असेल, ह्याचाही विचार इतिहासकारानें केला पाहिजे.

त्या वर्षीं भाद्रपदांतील गणपति व मोहरम हे एकाच पंधरवड्यांत आले. मोहरमाची अखेर ऑगस्टच्या शेवटच्या दिवसांत होती. ताबुतांची गर्दी ही दंग्याची वेळ असें धरून सरकारनें गोरे शिपाई व पोलीस ह्यांच्या लहान लहान तुकड्या शहरभर वांटण्याचें ठरविलें. फोर्जेटचें मत निराळें होतें : भय शहरवासीयांपासून नाहीं, शिपायांपासून आहे; ते हलले तरच शहर हलेल. हा हुकूम आपणांस मोडावा लागेल असें त्यानें गव्हर्नरांस सांगितलें. एल्फिन्स्टन ह्यांनीं जोखीम ओळखूनही त्याच्यावर विश्वास ठेविला.

आणि मग जें घडलें तें असें. त्या मोहरमाच्या दिवसांत दहाव्या पलटणीचा एक ख्रिस्ती ढोलवाला दारू प्याला, हिंदूंच्या एका मिरवणुकीस त्यानें शिवीगाळ केली व त्यांची मूर्ति पाडली. पोलिसांनीं त्यास धरून चौकीवर नेलें. त्याच्या पलटणीच्या सुमारें वीस शिपायांनीं चौकी फोडून त्यास सोडविलें व पोलिसांनाच मारीत लाइनींत नेलें. त्यांना सोडवावयास गेलेल्यांवरही हल्ला झाला. पलटणीच्या लाइनींत गलका उठला. शिपाई बाहेर पडूं लागले. फोर्जेट घोडा फेंकीत तेथें आला, एका सहाय्यकासह त्यांच्यासमोर उभा राहिला, आणि अधिकाऱ्यांनीं आपलीं माणसें आवरावीं, नाहीं तर आपण गोळी घालूं, असें त्यानें बजाविलें. इतक्यांत त्याचे स्वार येऊन पोंचले. शिपाई मागें फिरले. ती रात्र निभावली.

वाचकहो, ह्या प्रसंगावर मी पुष्कळ वेळां विचार केला आहे. पांच महिने सरकार मुसलमानांकडे संशयानें पाहत होतें, हिंदु शेठसावकारांकडे पाहत होतें, ब्राह्मणांकडे पाहत होतें. आणि ज्या ठिणगीनें मुंबई पेटावयाची राहिली ती टाकणारा ख्रिस्ती म्हणविणारा माणूस होता. त्याच्या मनांत कांहीं कट नव्हता. पोटांत दारू व जिभेवर दुसऱ्याच्या देवाविषयीं तुच्छता, एवढेंच होतें. आपल्या धर्माची निंदा कोणी केली असतां आपणांस जें दुःख होतें, तेंच दुःख त्या मिरवणुकींतील माणसांस झालें असेल, हें उमजण्यास मोठी विद्या लागत नाहीं. आपण अल्पसंख्य आहों, म्हणून आपल्या हातून अपराध होणार नाहीं, असें समजूं नये. आपल्यापैकीं एकाच्या वागण्याची किंमत सर्व वस्तीस मोजावी लागते.

भाद्रपद गेला. ८ सप्टेंबरचा मरियामातेच्या जन्माचा सण येऊन गेला. साष्टींत भात पिकूं लागलें. दिल्ली सप्टेंबरांत इंग्रजांच्या हातीं परत गेली. लोकांस वाटलें असावें कीं आतां संकट टळलें. परंतु फोर्जेटला वार्ता लागली कीं सोनापुरांत गंगाप्रसाद नांवाच्या मनुष्याच्या घरीं शिपायांच्या बैठकी होतात. त्यानें गंगाप्रसादास ताब्यांत घेऊन वदविलें, आणि नंतर भिंतीला भोंक पाडून पलीकडून तो स्वतः व मरीन बटॅलियनचे मेजर बॅरो त्या बैठका पाहूं ऐकूं लागले. मेजरसाहेबांस भिंतीपलीकडे आपलेच विश्वासू शिपाई दिसले. दिवाळींत, जेव्हां घरोघरीं दिवे लागतील व लोक सणांत गुंतलेले असतील, तेव्हां उठावें, असा बेत ठरत होता.

तो बेत सिद्धीस गेला नाहीं. १५ ऑक्टोबर १८५७ रोजीं, दिवाळीच्या तोंडावर, मरीन बटॅलियनचा हवालदार सय्यद हुसेन व दहाव्या पलटणीचा शिपाई मंगल गडिया ह्या दोघांस एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें. आणखी सहा जणांस काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या मैदानाचाच एक भाग आज आझाद मैदान म्हणून ओळखिला जातो. त्यानंतर मुंबईंत दिवाळी आली. ह्या शहराच्या इतिहासांत त्या वर्षाच्या दिव्यांइतके जड दिवे क्वचितच लागले असतील.

इंग्रजी ग्रंथांत ह्या कथेचा शेवट येथें होतो, व त्यांत मुंबई वांचली असें म्हटलेलें असतें. मुंबई वांचली हें खरें. कानपुराची किंवा दिल्लीची जी दशा झाली ती येथें झाली नाहीं, आणि त्याबद्दल कोणत्याही समंजस मनुष्यानें देवाचे आभारच मानावे. परंतु ज्या दोघांचे प्राण घेतले गेले त्यांनीं एकही गोळी झाडली नव्हती. त्यांचा बेत भिंतीआडून ऐकलेला होता. त्यांना कोणी देशभक्त म्हणेल, कोणी निमकहराम म्हणेल. एक हिंदु व एक मुसलमान, असे ते एकाच मैदानावर मेले, हें मात्र कोणालाही नाकारतां येणार नाहीं. आमच्या धर्माची शिकवण अशी आहे कीं, न्याय हा भीतीच्या हातीं दिला म्हणजे तो न्याय राहत नाहीं. तोफेच्या तोंडीं माणूस देणें ह्याचा हेतु अपराध्यास शिक्षा करणें एवढाच नव्हता, पाहणाऱ्यांस गप्प करणें हाही होता. आणि गप्प बसलेलें शहर म्हणजे शांत शहर नव्हे.

मग खरी शांतता कोणी राखिली? फोर्जेटनें कांहीं राखिली, हें मान्य केलें पाहिजे. त्याच्या नांवाचा रस्ता आजही मुंबईंत आहे. परंतु दुसरी एक गोष्ट आहे, जी थोड्यांच्या स्मरणांत आहे. त्या काळीं बॉम्बे टाइम्स ह्या पत्राचे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट हे देशी लोकांविरुद्ध अत्यंत विखारी लिहूं लागले होते. त्या पत्राच्या भागधारकांत पारशी व इतर देशी गृहस्थ होते. हें लिहिणें थांबलें पाहिजे असा त्यांनीं आग्रह धरिला, व सन १८५७ च्या अखेरीस बुइस्ट जाऊन रॉबर्ट नाइट हे संपादक झाले. पुढें १८६१ सालीं तेंच पत्र टाइम्स ऑफ इंडिया झालें. ज्या वर्षीं फांसाचा खांब व तोफ ह्यांचा आवाज चोहोंकडे होता, त्या वर्षीं कांहीं व्यापाऱ्यांनीं आपल्या भागांच्या बळावर द्वेषाची लेखणी बंद पाडली. इतिहासांत ह्यास दोन ओळीही मिळत नाहींत. पण माझ्या मतें पोलिसांच्या घोडेस्वारांइतकीच ह्या गोष्टीची योग्यता आहे.

हा विषय मी का निवडला हेंही सांगितलें पाहिजे. सन १९९२ च्या डिसेंबरांत व १९९३ च्या जानेवारींत मुंबईनें जें सोसलें, त्या वेळीं मी सेमिनरींतील विद्यार्थी होतों. सायंकाळ झाली कीं दारें लागत. पाण्याचीं भांडीं भरून ठेविलेलीं असत. तांदळाच्या डब्यांत हात घालून आई अंदाज घेई. कोणी म्हणे, आज रात्रीं अमक्या बाजूनें येणार. कोणी आलें नाहीं. परंतु त्या रात्रींनंतर आमच्या चाळींत कित्येक वर्षें एकमेकांस जेवण पाठविण्याची रीत बंद पडली होती, ती मीं पाहिली आहे. दंगा झाला नाहीं तरी दंग्याची भीति आपलें कांहींतरी घेऊन जाते. सत्तावन सालच्या मुंबईचें काय गेलें, त्याचा हिशोब कोणी ठेविला नाहीं. पण समुद्रकिनाऱ्यावरचे ते मोकळे वाद पुन्हां तसे झाले नाहींत, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

म्हणून ज्युबिलीच्या ह्या आनंदाच्या वर्षीं माझी आपल्या धर्मग्रामास विनंति इतकीच आहे. वाईट बातमी आली तर ती पुढें देण्यापूर्वीं ती खरी आहे कीं नाहीं हें विचारा. आतां तर ती तारेपेक्षांही जलद धांवते. आपल्या तरुणांस दारूपासून व दुसऱ्याच्या श्रद्धेची टवाळी करण्यापासून आवरा. आणि संशयाच्या दिवसांत शेजाऱ्याच्या दारावर थाप मारण्याचा प्रसंग आला, तर ती त्याची विचारपूस करण्यासाठींच असावी. आपलें देऊळ ह्या वस्तींत इतकीं वर्षें उभें आहे तें त्याच्या भिंती जाड म्हणून नव्हे. कोटाच्या भिंती त्याहून कितीतरी जाड होत्या, आणि त्यांचा आज थोडाच अवशेष राहिला आहे. तें उभें आहे, कारण त्याच्या दाराबाहेरच्या लोकांस तें आपलें वाटतें. ईश्वरकृपेनें तें तसेंच राहो.